सोलापूरची कथा लंडनला न्यावी का?

पत्र: "मी ४४ वर्षांची असून एका मराठी दैनिकात १८ वर्षे उपसंपादक म्हणून काम करते. त्यांतली बहुतेक वर्षे रात्रपाळीत गेली. गेल्या चार वर्षांत सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात घडलेल्या खुनावर मी रहस्यकादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनी ती परत केली आणि एकाने 'फारच स्थानिक वाटते' असा शेरा दिला. त्यानंतर मला एच. आर. एफ. किटिंग या इंग्रज लेखकाची माहिती मिळाली. तेही पत्रकार होते, त्यांनी मुंबई न पाहता मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे निर्माण केला आणि त्या पहिल्याच पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. मग मी लंडन न पाहता लंडनची कादंबरी का लिहू नये? नोकरी सोडून वर्षभर फक्त लिहावे, असेही मनात येते. यजमानांची नोकरी आहे, मुलगा बारावीला आहे. सोलापूरच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे आणि लंडनच्या कादंबरीचा आराखडा सोबत पाठवत आहे. राजीनामा द्यावा का आणि कथा लंडनला न्यावी का, हे मोकळेपणाने सांगावे."

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा आणि आपली तीन प्रकरणे तीनदा वाचली. आपण मोकळेपणाने सांगा असे लिहिले आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. राजीनामा आज देऊ नये आणि ही कथा लंडनला नेऊ नये. मात्र किटिंग यांच्याकडे वळण्याची आपली ओढ अगदी योग्य आहे, कारण उपसंपादकाच्या खुर्चीवरून रहस्यकथेकडे गेलेल्या माणसाला त्यांच्याइतका उपयोगी सोबती क्वचितच सापडेल. आपल्यापर्यंत त्यांच्या आयुष्याची पोहोचलेली गोष्ट मात्र फार आटलेली आहे. मधली वर्षे गळून गेल्यामुळे ती चमत्कारासारखी वाटते. ती वर्षे परत जागेवर ठेवली, तर आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांतूनच मिळतात असे मला वाटते.

हेन्री रेमंड फिट्झवॉल्टर किटिंग यांचा जन्म १९२६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट लिओनार्ड्स-ऑन-सी येथे झाला. लष्करातली सक्तीची नोकरी आटोपून त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतले. लेखक व्हावे ही इच्छा होती, परंतु आपल्यापाशी जगाला सांगण्यासारखे काही नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते आणि त्याच समजुतीतून ते १९५२ मध्ये वृत्तपत्राकडे वळले. सुरुवात स्विंडन या रेल्वे कारखान्यांच्या गावातल्या स्थानिक वृत्तपत्रात झाली. १९५६ मध्ये ते लंडनला आले आणि 'डेली टेलिग्राफ' व नंतर 'द टाइम्स' या दैनिकांत उपसंपादक झाले. इतरांच्या बातम्या कापणे, शीर्षके देणे, नावे आणि आकडे तपासणे, ठरल्या वेळी पान सोडणे, हे आपण रोज करता तेच काम त्यांनी केले. १९५३ मध्ये त्यांनी शीला मिचेल या अभिनेत्रीशी विवाह केला. त्यांना रहस्यकथा वाचायला आवडतात हे पाहून, मग स्वतःच एक का लिहीत नाही, असे त्यांना सुचवणाऱ्या शीलाबाईच होत्या. जगाला सांगण्यासारखा थोर विचार जवळ नसला तरी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत बांधून ठेवणारी गोष्ट लिहिता येते, ही परवानगी त्यांना घरातून मिळाली.

पहिली कादंबरी 'डेथ अँड द व्हिजिटिंग फायरमेन' १९५९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे वृत्तपत्रात सात वर्षे काढल्यानंतर. त्यानंतर १९६३ पर्यंत वर्षाला एक या गतीने आणखी चार कादंबऱ्या आल्या. आपण ज्या पुस्तकाला 'पहिलेच' म्हटले आहे ते १९६४ सालचे 'द परफेक्ट मर्डर' हे त्यांचे सहावे पुस्तक होय. आपल्या पत्रातली एकच चूक मी आवर्जून दुरुस्त करतो आहे, कारण आपला सगळा बेत त्या चुकीवर उभा आहे. घोटे अवतरण्यापूर्वी या लेखकाने पाच वेळा खुनाची मांडणी केली होती, पाच वेळा संशयितांची ये-जा सांभाळली होती आणि पाच वेळा शेवटच्या प्रकरणात सगळे धागे बांधले होते. परक्या शहरात पाऊल टाकताना त्यांचा हात या कामात पुरता बसलेला होता. आपला हात बातमीत बसलेला आहे. रहस्यकथेत तो अजून बसतो आहे. शहर नवे आणि कसबही नवे, असे दोन्ही एकाच वेळी अंगावर घेतले तर कुठे चुकले हेही आपल्याला कळणार नाही.

आता भारताचा विषय. त्या पाच पुस्तकांना इंग्लंडमध्ये वाचक होते, परंतु अमेरिकेतले प्रकाशक ती घ्यायला तयार नव्हते, कारण ती त्यांना फार ब्रिटिश वाटत. 'फारच स्थानिक' हा शेरा वाचून आपल्याला किटिंग जवळचे का वाटले, हे मी समजू शकतो. तरीही दोन्ही नकार एकाच जातीचे नाहीत. अमेरिकन प्रकाशकाचा वाचक वेगळ्या देशातला होता आणि त्याला इंग्लंडमधल्या बारकाव्यांशी देणेघेणे नव्हते. आपल्या प्रकाशकाचा वाचक मराठीच आहे. चादरी, यंत्रमाग, सिद्धेश्वराचे तळे, गड्ड्याची यात्रा यांपैकी निम्म्या गोष्टी त्याला आधीच ठाऊक आहेत आणि उरलेल्या त्याने आनंदाने समजून घेतल्या असत्या. मग 'स्थानिक' या शब्दाने त्या प्रकाशकांना काय म्हणायचे होते? तीन प्रकरणे वाचून मला जे जाणवले ते असे, की ६० पाने उलटली तरी खून प्रत्यक्ष समोर येत नाही. तोपर्यंत कारखान्याचा इतिहास, मालकाच्या तीन पिढ्या, संपाची वर्षे हे सगळे येत राहते. ते सारे खरे आहे आणि अभ्यासपूर्ण आहे, पण ते रविवारच्या पुरवणीतल्या दीर्घ लेखासारखे वाचले जाते. दोष सोलापूरचा नसून क्रमाचा आहे, आणि क्रमाचा दोष लंडनला गेल्याने सुटणार नाही. तिथेही आपण आधी टेम्स नदीचा इतिहास लिहाल.

'द परफेक्ट मर्डर'ची सुरुवात पुन्हा पाहा. एका धनाढ्य, दांडग्या माणसाच्या घरी त्याच्या पारशी सचिवावर हल्ला झाला आहे. त्या सचिवाचे आडनाव परफेक्ट. तो मेलेला नाही, मृत्यूच्या दारात पडून आहे, आणि तरीही या प्रकरणाला सगळे 'परफेक्ट मर्डर' म्हणू लागले आहेत. त्याच वेळी एका मंत्र्याच्या टेबलातून एक रुपयाची नोट नाहीशी झाली आहे आणि तिचाही तपास घोटेच्याच गळ्यात पडतो. भरीला युनेस्कोच्या वतीने आलेला एक स्वीडिश तज्ज्ञ त्याच्या मागे मागे फिरतो आहे. एक अर्धवट खून आणि एक रुपया, आणि दोहोंचा जाब एकाच भिडस्त माणसाला द्यायचा आहे! मुंबईचे वर्णन करण्यापूर्वीच किटिंग यांनी आपल्याला त्या माणसाच्या काळजीत गुंतवले आहे. मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल इथे दिसते. घोटे हा विजारीला इस्त्री करून, वरिष्ठांची बोलणी खाऊन, घरी बायकोशी हुज्जत घालून पुन्हा कामावर जाणारा माणूस आहे. तो दबतो, घाबरतो, पण खरे काय ते शोधण्याचे सोडत नाही. अशी माणसे इंग्लंडच्या कचेऱ्यांतही असतात आणि सोलापूरच्याही. किटिंग यांना मुंबई ठाऊक नव्हती, पण हा माणूस त्यांना आतून ठाऊक होता, कारण त्या भिडस्तपणात त्यांचा स्वतःचा बराच वाटा होता. परक्या शहराची जोखीम त्यांनी अशा ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवली.

आपल्या लंडनच्या आराखड्यात मला असा माणूस आढळला नाही. आपला गुप्तहेर सार्जंट मॅकग्रेगर हुशार आहे, पाइप ओढतो आणि कमी बोलतो. हे सर्व आपण इतर पुस्तकांतून आणले आहे. शिवाय तो पिढीजात वेल्श आहे असे आपण लिहिता, तर मॅकग्रेगर हे ठळकपणे स्कॉटिश आडनाव आहे. ही क्षुल्लक बाब म्हणून मी सोडून दिली असती, पण याच ठिकाणी किटिंग यांची एक हकीकत आठवते. आपल्या इन्स्पेक्टरचे नाव त्यांनी आधी घोष ठरवले होते. भारत जाणणाऱ्या कुणीतरी त्यांना सांगितले की घोष बंगाली असतात आणि मुंबईच्या पोलिसात मराठी नाव शोभेल. त्यातून घोष जाऊन घोटे आला, गणेश घोटे. एका माणसाला वेळेवर विचारल्यामुळे मराठी वाचक या पात्राला आज आपला म्हणू शकतो. विचारण्याची ही सवय खास उपसंपादकाची आहे, आणि ती आपल्यातही असणार. परंतु विचारायला समोर माणूस हवा. सोलापूरच्या तीन प्रकरणांत आपण जवळजवळ ४० नावे योजली आहेत. तेलुगू बोलणारी पद्मशाली घरे, लिंगायत व्यापारी, मराठी हवालदार, कर्नाटकातून आलेला मुनीम, असा मोठा गोतावळा आहे आणि त्यांत एकही नाव मला खटकले नाही. हे आपण न विचारता करू शकलात. लंडनमध्ये पहिल्याच नावाला ठेच लागली.

विचारूनही किटिंग यांच्या सगळ्या चुका टळल्या नाहीत. त्या पहिल्या घोटे-कथेतल्या धनिकाचे नाव लाला वर्दे आहे. 'लाला' ही उत्तरेकडची उपाधी वर्दे या आपल्याकडच्या आडनावाला कशी चिकटली, असा प्रश्न रत्नागिरीपासून मडगावपर्यंतच्या कोणत्याही वाचकाला पडेल. पुढे १९८८ मध्ये इस्माईल मर्चंट यांच्या संस्थेने या कादंबरीवर चित्रपट काढला, दिग्दर्शन झफर हाय यांनी केले, नसीरुद्दीन शाह घोटे झाले आणि अमजद खान यांनी रंगवलेल्या त्या धनिकाचे नाव पडद्यावर हीरालाल असे होते. घोटेच्या तोंडी जी इंग्रजी भाषा घातली आहे तिच्याविषयीही माझी तक्रार आहे. प्रत्येक वाक्यात 'करीत आहे', 'जात आहे' असे चालू काळाचे रूप वापरून तिला भारतीय सूर देण्याचा प्रयत्न सतत जाणवतो, आणि मराठी घरात वाढलेला हा माणूस मनातल्या मनात कोणत्या भाषेत चिडत असेल, हे त्या पुस्तकांतून कधीच ऐकू येत नाही. इंग्लंडमधल्या वाचकाला हे खटकले नाही, कारण पडताळून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. आपल्या वाचकाचे तसे नाही. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा सून आज लंडनला आहे. मॅकग्रेगरची चूक पहिल्या आठवड्यात उघडी पडेल.

न पाहिलेल्या शहराविषयी लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. किटिंग यांनी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि चित्रपट यांच्या आधारे सुमारे दहा वर्षे मुंबई लिहिली. भारतावर लिहिणाऱ्या या लेखकाने भारत पाहिलेलाच नाही, हे समजल्यावर एअर इंडियाने त्यांना विमानप्रवास देऊ केला आणि ते प्रथमच मुंबईत उतरले. त्या दहा वर्षांत त्यांनी अज्ञानाला आवर घालण्याच्या युक्त्याही शोधल्या. १९७१ च्या एका कादंबरीचा मोठा भाग त्यांनी आगगाडीत घडवला. डब्यातली माणसे, त्यांची बोलणी, खिडकीबाहेर सरकणारा प्रदेश, एवढाच पसारा सांभाळायचा असला की शहराच्या गल्ल्या चुकण्याचे भय राहत नाही.

याहून मोलाची युक्ती १९६८ सालची आहे आणि आपल्या पत्राचे खरे उत्तर मला तिच्यात दिसते. 'इन्स्पेक्टर घोटे हंट्स द पीकॉक' या कादंबरीत किटिंग यांनी घोटेला एका परिषदेच्या निमित्ताने लंडनला आणले. तिथे त्याला एका बेपत्ता मुलीचा शोध घ्यावा लागतो. लेखक ज्या शहरात राहत होता, ज्या शहराच्या दैनिकांत त्याने नोकरी केली होती, ते शहर आता एका मुंबईकराच्या डोळ्यांनी दिसू लागले. घोटेने लहानपणापासून मनात जपलेले लंडन आणि समोरचे थंड, परके लंडन यांत जे अंतर पडते, त्यातून त्या पुस्तकाला दुखरी गोडी आली आहे. आपण उलट दिशेने हेच करू शकता. आपल्या तिसऱ्या प्रकरणात जो पोलीस उपनिरीक्षक येतो, आईच्या औषधाची चिठ्ठी खिशात घेऊन फिरणारा, त्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या कादंबरीत लंडनला पाठवा. तो तिथे गोंधळेल, रस्ता चुकेल, माणसांचा अंदाज चुकवेल, आणि त्या चुका त्याच्या स्वभावाला शोभतील. मॅकग्रेगरला मात्र स्वतःच्याच शहरात चुकण्याची मुभा नाही.

आता नोकरीविषयी. किटिंग यांनी नोकरी सोडून कादंबरी लिहिली असे आपण गृहीत धरले आहे. क्रम उलटा होता. पहिली कादंबरी छापून आल्यानंतरच ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले, आणि 'पूर्णवेळ लेखन' म्हणजे केवळ कादंबऱ्या, असे त्यांच्याबाबतीत कधीच नव्हते. १९६७ पासून १५ वर्षांहून अधिक काळ ते 'द टाइम्स'मध्ये गुन्हेकथांची परीक्षणे लिहीत होते. घरात चार मुले होती. त्या सदराने नियमित पैसा दिला असणार, आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की आपल्या क्षेत्रात काय चालले आहे ते त्यांना आठवड्यागणिक वाचावे लागले. इतरांचे डाव कुठे फसतात, हे त्यांनी परीक्षक म्हणून शेकडो वेळा पाहिले. गुन्हेकथा कशी लिहावी यावर त्यांनी १९८६ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले, १९८७ मध्ये या प्रकारातल्या १०० उत्तम पुस्तकांचा परिचय करून दिला, आणि एव्हलिन हार्वी या टोपणनावाने व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका गव्हर्नेसला नायिका करून तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांनी वृत्तपत्राची खुर्ची सोडली, वृत्तपत्राची शिस्त मात्र आयुष्यभर बरोबर नेली.

वयाबाबत मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. पहिल्या कादंबरीच्या वेळी ते ३२ वर्षांचे होते, आपण ४४ वर्षांच्या आहात. तरी त्यांच्या आयुष्याची लांबी पाहा. 'द परफेक्ट मर्डर'ला ब्रिटनमधल्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा 'गोल्ड डॅगर' मिळाला तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. 'द मर्डर ऑफ द महाराजा'साठी तोच सन्मान १९८० मध्ये पुन्हा मिळाला तेव्हा ५३-५४ वर्षांचे होते. १९८५ ते २००० अशी १५ वर्षे ते लंडनच्या डिटेक्शन क्लबचे, म्हणजे रहस्यकथालेखकांच्या मंडळाचे, अध्यक्ष होते, ज्या पदावर एके काळी जी. के. चेस्टरटन, डोरोथी सेयर्स आणि अगाथा ख्रिस्ती बसल्या होत्या. समग्र कारकिर्दीसाठी दिला जाणारा 'डायमंड डॅगर' त्यांना १९९६ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाला. २००० मध्ये त्यांनी घोटेला निरोप दिला, आणि २००८ मध्ये, ८२ वर्षांचे होत असताना, त्याच घोटेच्या पहिल्या तपासाची कथा लिहून ते त्याच्या तरुणपणी परत गेले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. या ५० वर्षांत त्यांचे चांगले काम एखाद्या मोकळ्या वर्षात झाले नाही, ते सलग होत राहिले. म्हणून आपण राजीनामा देऊन जे एक वर्ष मागता आहात, त्याचे मला भय वाटते. त्या वर्षात मुलाची बारावी आहे, घरातला एक पगार थांबलेला असेल, आणि रोज सकाळी टेबलाशी बसताना, आज पुस्तक पुढे सरकलेच पाहिजे, असा धाक असेल. असा धाक बातमीला चालतो, कथेला तो सोसत नाही.

मी स्वतः काही वर्षे रात्रपाळी केली आहे. डाक आवृत्ती सुटल्यावर शहर आवृत्तीची पाने लागेपर्यंत जो रिकामा वेळ मिळतो त्यात लिहिता येत नाही, कारण डोके इतरांच्या शब्दांनी भरलेले असते. पण दुपारी झोपून उठल्यावरचा एक तास स्वच्छ असतो. त्या तासात २५० शब्द लिहिले आणि वर्षातले ३०० दिवस हे पाळले, तर ७५,००० शब्द होतात. ती एक पूर्ण कादंबरी आहे. राजीनाम्याऐवजी, शक्य असेल तर, दिवसपाळी मागा. ती मिळाली नाही तर अखेरच्या खर्ड्यासाठी महिनाभर रजा घ्या. पुढच्या पावसाळ्यात दिवाळी अंकांचे संपादक कथा मागू लागतील, त्याआधी आपल्या त्या उपनिरीक्षकाची एक छोटी तपासकथा लिहून ठेवा. कादंबरीला 'स्थानिक' म्हणणाऱ्या प्रकाशकाने ते पात्र छापील स्वरूपात पाहिले, तर पुढचे बोलणे वेगळे होते. आणि आपल्या दैनिकाच्या पुरवणीत रहस्यकथांची परीक्षणे लिहिण्याची परवानगी मागा. ते मानधनासाठी नको, वाचनासाठी हवे.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. किटिंग यांच्या घोटे-कथांत मला सर्वांत जवळची वाटते ती १९८६ ची 'अंडर अ मॉन्सून क्लाउड'. एका डोंगरी गावातल्या पोलीस ठाण्यात घोटे तात्पुरता नेमलेला आहे. केळकर नावाचे, सगळे ज्यांना 'टायगर' म्हणतात असे कडक वरिष्ठ अधिकारी तपासणीला येतात. एका गचाळ, निष्काळजी हवालदारावर ते संतापतात आणि हाताशी असलेली पितळी दौत फेकतात. हवालदार जागीच मरतो. ज्या अधिकाऱ्याला घोटेने जन्मभर आदर्श मानले, त्याला वाचवण्यासाठी तो प्रेत नाहीसे करायला मदत करतो, आणि पुढे चौकशी उभी राहते तेव्हा खरे बोलायचे की नोकरी वाचवायची, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. खून कोणी केला हे वाचकाला पहिल्यापासून माहीत आहे. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण रहस्य आता घोटेच्या मनात शिरले आहे. किटिंग हे प्रत्येक घोटे-कथेत कमीअधिक प्रमाणात करत आले. कधी लाच, कधी खोटेपणा, कधी राग, असा एखादा नैतिक पेच ते आधी हातात घेत आणि गुन्हा त्याच्याभोवती विणत. आपल्यापाशी सांगण्यासारखे काही नाही असे विशीत वाटलेल्या माणसाला सांगण्यासारखे अखेर हे सापडले.

आपल्या कादंबरीत असा पेच आधीच आहे, पण तो आपण ५८ व्या पानावर, एका वाक्यात लपवला आहे. कारखान्यातला तो म्हातारा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, ज्याला डोळे मिटूनही कोणत्या मागाचा आवाज बिघडला आहे ते कळते, त्याला खुनाच्या रात्री सात नंबरचा माग अकरा मिनिटे बंद पडलेला ऐकू आला होता. तो गप्प राहतो, कारण त्या मागावर त्याचा जावई होता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज ऐकलेला माणूस आपल्याला ठाऊक आहे, त्याचे गप्प राहणेही आपल्याला ठाऊक आहे. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयातून मिळाले नसते. दैनिकात एखादा वार्ताहर अशी माहिती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहून आणतो तेव्हा आपण काय करता, ते आठवा. तो परिच्छेद उचलून आपण वर नेता आणि उरलेले कापता.

म्हणून या महिन्यात एवढेच करा. लंडनचा आराखडा फाडू नका, तारीख घालून खणात ठेवा. सोलापूरच्या हस्तलिखिताचे ५८ वे पान समोर घ्या आणि कादंबरी सात नंबरचा माग थांबतो त्या क्षणापासून सुरू करून पहिली २० पाने नव्याने लिहा. मालकाच्या तीन पिढ्यांना पुढे जागा मिळेल. त्या जॉबरच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी. झाली की ती पाने मला पाठवा. तो जावयाला काय विचारतो, किंवा विचारतच नाही, ते मला वाचायचे आहे.

आपला स्नेहांकित,
सदरलेखक